कोरडवाहू बोट

मार्च संपत आला होता. मी राजकमल चौकात सिग्नलला उभा होतो आणि माझ्या स्कूटरसमोरून एक बोट गेली. अमरावतीच्या रस्त्यावरून काय काय जातं. कापसानं फुगलेले ट्रक जातात, संत्र्यांच्या पेट्या जातात, नवरदेवांचे घोडे जातात, एकदा तर भर दुपारी मी उंट पाहिला होता. पण बोट कधी गेली नव्हती. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ती आडवी टाकलेली होती, खाली जुने टायर, वरून दोराचे वेढे, आणि ट्रॉलीबाहेर आलेल्या तिच्या टोकाला लाल फडकं बांधलेलं, लोखंडी सळयांना बांधतात तसं. मला आधी हसू आलं. मग ट्रॉली वळली आणि बोटीच्या मागच्या बाकाची पाठ दिसली. लाकडी, मधोमध हात घालून धरायला अर्धचंद्र कापलेला. सिग्नल हिरवा झाला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, कोणीतरी "ओ काका, झोपले का?" म्हणून ओरडलं, आणि मी तसाच एक पाय टेकून उभा. त्या अर्धचंद्रात संध्याचा हात होता. म्हणजे तीसेक वर्षांपूर्वी होता. पण मला तो तिथे आत्ताच दिसला, बांगड्यांसकट, आणि मी स्कूटर घराकडे वळवण्याऐवजी ट्रॉलीमागे घातली.

बडनेरा रोडच्या एका भंगारवाल्याकडे ती थांबली. त्यानं सांगितलं ते असं, की धारणीच्या वाटेवर पिंपळझिऱ्याचा जुना तलाव आहे, तिथे फॉरेस्टच्या साहेबांना पाहणी करायला ही बोट ठेवलेली होती. पुढे साहेब पाहणी जीपमधूनच करायला लागले, बोट शेडमध्ये पडून राहिली, मग शेड पडलं आणि बोट लिलावात निघाली. "सागवान आहे, साहेब. मेळघाटचं. चार दरवाजे निघते याच्यातून," तो म्हणाला. मी म्हणालो, "दरवाजे नको. आहे तशी दे." त्यानं लगेच मला खुर्ची दिली आणि पाणी मागवलं. गिऱ्हाईक वेडं आहे हे दिसलं की दुकानदार आधी पाणी पाजतो. किती दिले ते विचारू नका. पेन्शनरानं दुधाचा भाव सांगावा, बोटीचा सांगू नये.

संध्या माझी बायको. हे सांगावं लागतं, कारण आमच्या कठोरा रोडवरच्या कॉलनीतल्या निम्म्या लोकांना मी विधुर वाटतो. ती अकोल्याला असते, मी अमरावतीला. तिची नोकरी तिथल्या कृषी विद्यापीठात, माती तपासायच्या प्रयोगशाळेत. माझी इथल्या एका संस्थेच्या शाळेत, भूगोलाचा मास्तर. तिला इकडे बदली नाही, मला तिकडे नाही, आणि दोघांपैकी एकाची नोकरी सोडावी इतके श्रीमंत आम्ही कधी नव्हतो. अंतर म्हणाल तर काहीच नाही, मूर्तिजापूरला चहा घेतला की अर्धं संपतं. थोड्या दिवसांचा प्रश्न आहे, असं म्हणत आम्ही सुरुवात केली. मग मुलगी झाली, प्रणाली, ती आईजवळ अकोल्यात वाढली, आणि मी शनिवारी दुपारी शाळा सुटली की पिशवी घेऊन बडनेऱ्याला गाडी पकडायचो, सोमवारी पहाटे परत. प्रणाली लहानपणी वार म्हणून दाखवायची तेव्हा शुक्रवारनंतर 'बाबावार' म्हणायची. पाहुणे हसायचे. मीही हसायचो. ती आता हैदराबादला नोकरीला आहे आणि तिचं लग्नही झालं, पण आमचे थोडे दिवस काही संपले नाहीत. दोन घरं, दोन तवे, दोन पोळपाट, देवसुद्धा दोन ठिकाणी. माझ्या घरचा गणपती शनिवार-रविवार उपाशी.

दोन वर्षांपूर्वी मी निवृत्त झालो तेव्हा ट्रंक घेऊन अकोल्याला राहायला गेलोच होतो. महिनाभर राहिलो. संध्यानं काही कमी केलं नाही, उलट रोज वांग्याची भाजी वेगवेगळ्या तऱ्हेनं करून घातली. पण त्या घरात प्रत्येक वस्तूला जागा होती आणि मला नव्हती. ती पहाटे उठायची, रेडिओ लावून, दाराशी खुर्ची टाकून एकटीच चहा प्यायची, आणि मी जाऊन बसलो की रेडिओ बारीक करायची. बारीक करायची, बंद नाही. तिला वाटायचं मला त्रास होतो, मला वाटायचं मी तिला त्रास देतो. शनिवारी येणाऱ्या नवऱ्याचं कौतुक असतं. मंगळवारी दुपारी लुंगीवर हिंडणाऱ्या नवऱ्याचं काय करायचं, हे तिलाही ठाऊक नव्हतं अन् मलाही. शेवटी अमरावतीच्या झाडांना पाणी कोण घालतंय, असं काहीतरी पुटपुटत मी परत आलो. तिनं डबा भरून दिला. राहा म्हणाली नाही. आता या मे-अखेर तीही निवृत्त होणार होती. मला एकच हवं होतं. तिनं अमरावतीला राहायला यावं, आमचा एक तवा व्हावा. पण फेब्रुवारीत गेलो तर तिच्या स्वयंपाकघरात नवा ओटा केलेला, काळ्या दगडाचा, खाली स्टीलच्या ट्रॉल्या. मी म्हणालो, "छान झाला." ती म्हणाली, "जुन्याले वाळवी लागली होती." झालं. घर सोडणारा माणूस नवा ओटा करत नाही, एवढं मला कळतं. परतीच्या गाडीत मी मूर्तिजापूरला चहासुद्धा घेतला नाही. तुम्ही म्हणाल, मग विचारायचं ना सरळ. पण बायकोला 'माझ्याकडे राहायला ये' असं विचारायचं असतं का? ते विचारावं लागलं तर मग उरलं काय, असं मला वाटायचं. आणि ती नाही म्हणाली तर, याची भीती वाटायची, हेही खरंच.

म्हणून ती बोट. आमचं लग्न झालं तेव्हा माझे मामा धारणीला फॉरेस्टात होते. त्यांनी नवीन जोडप्याला जेवायला बोलावलं आणि जेवण व्हायचं होतं म्हणून आधी याच पिंपळझिऱ्याच्या तलावावर पाठवलं. बोट चालवणारा पुंजाजी म्हणून एक माणूस होता. तलावाच्या मधोमध गेलो आणि इंजिन बंद पडलं. पुंजाजीनं दोन-चार लाथा घातल्या, आईमाईवरून शिव्या दिल्या, मग शर्ट काढला, "पान्हा घेऊन आलोच," म्हणाला, आणि सरळ उडी टाकून काठाकडे पोहत गेला. तो आला ऊन उतरल्यावर. तेवढा वेळ त्या पाण्यावर मी आणि संध्या. लग्नाआधी आम्ही दोनदा भेटलेलो, तेही वडीलधाऱ्यांसमोर. लग्नानंतर दर्यापूरजवळच्या आमच्या गावी घरात इतकी माणसं की बायकोचा आवाज कसा आहे हेसुद्धा मला नीट ठाऊक नव्हतं. आणि तिथे ती बोलली. बाकाच्या त्या अर्धचंद्रात हात अडकवून, पाण्याकडे बघत, न थांबता बोलली. तिच्या भावाची दहावी, तिच्या आईची जवसाची चटणी, वाळलेल्या मातीला आणि ओल्या मातीला येणारे वेगवेगळे वास, तिला माझ्या आईची भीती वाटते, मुलगी झाली तर तिचं नाव काय ठेवायचं. मी नुसता ऐकत होतो. बोट जागच्या जागी हळूहळू फिरायची आणि डोंगर आमच्याभोवती फिरल्यासारखे वाटायचे. मला वाटलं, हे आता असंच जन्मभर चालणार. पुढच्याच आठवड्यात तिची अकोल्याची ऑर्डर आली. एवढी सलग दुपार आम्हाला पुन्हा मिळाली नाही. शनिवारी आम्ही बोलायचो, नाही असं नाही, पण ते सिलिंडरबद्दल, प्रणालीच्या फीबद्दल, माझ्या रक्तदाबाबद्दल. त्या दुपारची संध्या त्या तलावातच राहून गेली असावी असं मला कधी कधी वाटायचं, विशेषतः परतीच्या गाडीत.

तर बोट माझ्या अंगणात आली, कडुनिंबाखाली. शेजारचे मनोजराव विमा एजंट. ते कंपाउंडवर कोपरे टेकून म्हणाले, "सर, यंदा हवामान खात्यानं काही खास सांगतलं का तुमाले?" मी म्हणालो, "हो. विमेवाल्यांना घेऊ नका म्हणून सांगितलंय." गावाहून धाकटा भाऊ देवमन आला. बैल पारखावा तसा तो बोटीभोवती फिरला, बोटांनी ठोकून पाहिलं, आत डोकावला.

"भाऊ, बोट घेणारा माणूस नदीपाशी घर घेते," तो म्हणाला. "तुमी तं कोरडवाहू बोट घेतली."

"लाकूड कसं आहे?"

"लाकूड पयल्या नंबरचं. पण याच्यात इंजिन कुठं आहे?"

इंजिन नव्हतंच. ते केव्हाच कोणी तरी काढून नेलं होतं, आणि पाण्याखालचा पितळेचा पंखाही. देवमन जरा वेळ दाढी खाजवत राहिला. मग म्हणाला, "आपलं नदीवरचं डिझेल इंजिन गोठ्यात पडून आहे. वीज आल्यापासून त्याले कोणी हात नाही लावला. बाबानं घेतलेलं. बसते का पाह्यतो." आणि बसलं. म्हणजे बसवलं. ज्या इंजिनानं आमच्या भाजीच्या मळ्याला पाणी पाजलं ते आता पाण्यावर चालणार, याचं देवमनला फार हसू यायचं. पंखा एका लेथवाल्यानं पत्रा कापून, वाकवून दिला, चौथ्या खेपेला बरा जमला. स्टिअरिंग मोडीत निघालेल्या एका अँबेसेडरचं. गादीला जुन्या गोधडीचा कापूस. रंग गेटला लावून उरलेला, त्यामुळे बोट आणि माझं गेट सारखंच निळं दिसायला लागलं. मी सकाळी उठून कामाला लागायचो ते ऊन डोक्यावर येईपर्यंत, पुन्हा संध्याकाळी. हाताला घट्टे पडले. शाळेत तीस वर्षं नकाशावर नद्या दाखवल्या, पण नदीवर चालणारी एक वस्तू हातानं घडवावी ही गंमत वेगळीच. कधी कधी पॉलिश पेपर घासता घासता मी तिच्याशी बोलायचो. मनोजराव ऐकत असतील तर असोत. 'इथे तू बसायची,' मी म्हणायचो, 'आणि मी इंजिन मुद्दाम बंद करणार. मधोमध गेल्यावर.' हा माझा बेत होता. साठी उलटलेल्या माणसाचा. ती बोलायला लागेल, मग मी न विचारताच सगळं ठरून जाईल.

एकच काम राहिलं होतं, फटींचं. शेडमध्ये इतकी वर्षं कोरडी पडलेली ती बोट, त्यात आमच्याकडचा एप्रिल-मे. फळ्या सुकून आक्रसल्या होत्या. आतून पाहिलं की उन्हाच्या रेघा दिसायच्या, काही ठिकाणी तर करंगळी जाईल एवढी फट. पण भेगांच्या बाबतीत मी काही नवशिका नाही. आमची सगळी कॉलनी काळ्या मातीवर बसलेली आहे. दर उन्हाळ्यात जमीन तडकते आणि तिच्याबरोबर आमची घरं. दर मे महिन्यात कॉलनीतले झाडून सारे पुरुष बनियनवर, हातात थापी घेऊन भिंतींच्या भेगा भरत असतात, आणि पावसाळ्यात दारं लागत नाहीत म्हणून सुताराच्या मागे हिंडतात. या कामात माझं नाव आहे. लोक मला सल्ला विचारतात. मी दुकानातून दोन डब्यांतलं एकत्र कालवून लावायचं ते केमिकल आणलं, सुकल्यावर दगड होणारं, आणि एकेक फट तळापासून भरली. दाबून दाबून भरली, घासून सपाट केली, वरून रंग मारला. शेवटी आतून पाहिलं तर एक किरण आत येत नव्हता. इतकं समाधान मला मुलीचं लग्न पार पडलं तेव्हाही झालं नव्हतं.

त्या शनिवारी अकोल्याला गेलो तर संध्यानं वाढता वाढता माझा हात धरला. नखांत ते केमिकल अडकलेलं, जाता जात नव्हतं. तिनं चष्मा वर करून पाहिलं.

"हे काय लागलं?"

"भेगा भरतो आहे. घराच्या."

"दर वर्सी भरता, दर वर्सी पडते," ती म्हणाली. "एखांद्या वर्सी राहू द्या ना."

तिनं हात सोडला नाही लगेच. मला सांगून टाकावंसं वाटलं, अगदी ओठांवर आलं. पण मी वरणात भात कालवला. गंमत जायला नको होती. तिच्या नव्या ओट्यावर तिचा हात ठेवलेला, स्वयंपाकघरात पंख्याचा आवाज, बाहेर कोणाच्या तरी घरी कूलरमध्ये पाणी टाकत होते. मला ती इतकी हवीशी वाटली की जेवण जाईना. आपलीच बायको, समोर बसलेली, आणि तरी दूरच्या गावी गेलेल्या माणसाची येते तशी तिची आठवण येत होती. याला काय म्हणतात मला माहीत नाही.

संध्याच्या निवृत्तीच्या दिवशी मी पहिल्या रांगेत बसलो. शाल झाली, श्रीफळ झालं, भाषणं झाली, एका मुलीनं रडत रडत सांगितलं की मॅडमनी माती हातात घेऊन ओळखायला शिकवलं. त्याच्या आधीच्या सोमवारी देवमन आणि मी बोट पिकअपमध्ये घालून पिंपळझिऱ्याला नेली होती. तलावावर आता मासेमारीवाल्यांची सोसायटी आहे, तिथला श्याम म्हणून माणूस रखवालीला असतो, तो म्हणाला, "ठेवा ना सर, आमाले काय, शोभा येते." बोट पाण्यात सरकली आणि तरंगली. देवमननं हँडल मारलं, ते जुनं इंजिन खोकलं, पुन्हा खोकलं, आणि मग आमच्या मळ्यात वाजायचं तसं ठो-ठो-ठो वाजायला लागलं, तलावभर. आम्ही एक चक्कर मारली. आत पाण्याचा थेंब नाही. देवमन ओरडून म्हणाला, "भाऊ, बाबा पायजे होते!" मी तोंड फिरवलं आणि डोळे पुसले. मग बोट काठाशी बांधून आम्ही परत आलो. बुधवारी श्यामचा फोन आला. "सर, बोट आवाज करून राह्यली. कडकड वाजते." मी म्हणालो, "नवीन पाणी आहे, बसेल ती." असं मी म्हणालो. मोठ्या जाणकारासारखं.

शुक्रवारी सकाळी देवमनची जीप घेऊन मी अकोल्याला गेलो आणि संध्याला म्हणालो, चल, फिरून येऊ. कुठे, ते सांगितलं नाही. तिनंही फार विचारलं नाही, पाण्याची बाटली आणि टोपी घेतली. दर्यापूरवरून निघालो. जूनचा पहिला आठवडा, पावसाचा पत्ता नाही, दोन्ही बाजूंना अजून न नांगरलेली वावरं, भेगाळलेली. संध्या खिडकीतून बघत होती. "यंदा कंबरभर खोल गेल्या असतीन," ती म्हणाली. "आमी लहानपणी याच्यात गोटे टाकत होतो. माहा बाप ओरडे. म्हणे, भरू नका वो, पाणी आलं का मग ते जमीन जाईन कुठं?" मी स्टिअरिंगवर बोटं वाजवत होतो. परतवाड्याच्या पुढे घाट दिसायला लागला तेव्हा तिनं विचारलं, "धारणीले चाललो का?" मी नुसता हसलो. ते गोटे आणि ते वाक्य माझ्या कानांवरून गेलं. गेलं म्हणजे अगदी गेलंच असं नाही. तलावाच्या वळणावर जीप उतरत असताना ते परत आलं. फळी कोरडी असते तेव्हा आक्रसते. पाणी प्यायली की फुगते. ती फट तिच्या फुगण्याची जागा होती, आणि मी ती दगडानं भरून टाकली होती. मी, ज्यानं दर वर्षी सातवीच्या वर्गाला काळी माती शिकवली, पाणी पिते, फुगते, सुकते, तडकते, म्हणून ती स्वतःच स्वतःला नांगरते.

बोट काठाशीच बसलेली होती. बुडालेली म्हणण्याइतकं तिथे पाणी नव्हतं. गाळात बूड टेकून, बाकांपर्यंत आतबाहेर सारखंच पाणी. एका बाजूची फळी मधोमध उभी फाटली होती, दुसरीकडची दोन खिळ्यांसकट बाहेर आलेली, आणि फटींमधलं माझं केमिकल मात्र जागच्या जागी, कुठेही तडा न जाता. इंजिनाचं फक्त डोकं वर होतं. श्याम दूर उभा राहून म्हणाला, "काल रातीले लय जोरानं वाजली, सर. मी फोन करणार होतो." मला काठावरच बसावंसं वाटलं. संध्या पुढे गेली. कमरेवर हात ठेवून तिनं बघितलं, निळा रंग, अँबेसेडरचं स्टिअरिंग, मग बाक, मग बाकाची पाठ.

"हे तेच होय?"

"हो."

"तुमी केलं हे? भेगा भरतो म्हणे ते हेच का?"

"हो."

तिनं चपला काढल्या, सलवार गुडघ्यापर्यंत वर घेतली आणि पाण्यात उतरली. मी नको नको म्हणतोय तोवर ती कडेवर पाय टाकून आत गेली आणि त्या मागच्या बाकावर जाऊन बसली. पाणी बाकाला टेकलेलं. माझ्या गोधडीच्या कापसाची गादी भिजून जड झाली होती, ती तिनं बाजूला सारली. "या ना," ती म्हणाली. "आता कायचं भ्याव? बुडाची ते बुडाली." मी पँट वर दुमडून गेलो. आम्ही शेजारी बसलो, पाय पोटऱ्यांपर्यंत पाण्यात, बोट जमिनीला टेकलेली, समोर तलाव उन्हात पांढरा झालेला. बारीक मासे बोटीच्या आत फिरत होते. मी तिला सगळं सांगितलं. चौक, ट्रॉली, देवमन, मधोमध जाऊन इंजिन बंद करायचा बेत. ती दुपार मी किती जपली तेही सांगितलं. "तू त्या दिवशी जशी बोललीस," मी म्हणालो, "तशी पुन्हा कधी बोलली नाहीस."

ती माझ्याकडे बघायला लागली. तिला हसू आलं होतं, पण ते हसण्यापाशी थांबलं.

"अहो, भ्यावानं बोलत होती मी," ती म्हणाली. "मले पवता येत नाही. सभोवताल पाणी, तो बुवा उडी मारून गेला पळून, अन् तुमी असे डोंगराकडे पाहून राह्यले. मले वाटे, बोलणं थांबवलं का मी रडीन. अन् नवी नवरी रडली तं तुमी काय म्हणसान. म्हणून बोलत बसली. काय बोलली ते मले काई याद नाही."

वाऱ्यानं पाणी थोडं हललं. माझ्या पायाला एक मासा लागून गेला. तीसेक वर्षं मी जे मनात धरून गाडीनं जात-येत होतो ते तिचं भय होतं, आणि मला ते प्रेम वाटलं होतं. मला राग यायला हवा होता, निदान लाज तरी. पण फक्त एवढंच वाटलं, की त्या पोरीला इतकी भीती वाटत होती आणि मी तिच्या शेजारी बसून डोंगर बघत होतो. तिचा हातसुद्धा धरला नाही.

"मग आता का नाही बोलत?"

ती पाण्यातल्या आपल्या पायांकडे बघत होती. "आता भ्याव नाही राह्यलं," ती म्हणाली. "कायचंच."

मग मी विचारलं. काही सुचवून नाही, आडून नाही. "संध्या, राहायला ये. अमरावतीला. माझ्याजवळ." तिनं हात लांबवून फाटलेल्या फळीजवळच्या फटीत नख घातलं, केमिकल निघतं का पाहिलं, ते निघालं नाही.

"हे पयले विचारलं असतं तं," ती म्हणाली, "मी वीस वर्सं वाट पाह्यली. मंग सोडून देलं. माह्या घरात आता मले माह्याच आवाजाची सवय झाली, अन् ते मले आवडते. खोटं कायले बोलू? राह्याले नाही येत मी." तिचं बोट अजून त्या फटीवरच होतं. "पण हे असं नका ठेवू. हे सगळं खरडून काढा लागते. मोकळं ठेवा, पाणी आत जाऊ द्या, बाहेर जाऊ द्या, फुगू द्या तिले. दोन फळ्या नव्या टाका. मी येत जाईन शनवारी. आपण दोघं काढू."

उन्हानं डोळे दिपत होते. काठावर श्याम कोणाला तरी फोनवर आमचीच गोष्ट हसून सांगत होता. आणि माझ्या शेजारी माझी बायको, पाण्यात पाय सोडून, काहीच न घाबरता बसली होती, इतकी जवळ, की तिच्या ओल्या बाहीचा गारवा मला लागत होता. मला सगळे वार हवे होते. सोमवार, मंगळवार, पावसाळ्यातला एखादा काही काम नसलेला बुधवार, सगळे. मी तिचा हात धरला.

"शनिवारी ये," मी म्हणालो.